हंबीररावांचा सत्कार

आमच्या कॉलेजात कुणाला काढून टाकत नाहीत. त्याचा सत्कार करतात.

परगावच्या माणसाला हे खरं वाटत नाही. कोल्हापूरचा माणूस म्हणजे रोखठोक, एक घाव दोन तुकडे, असं त्यानं ऐकलेलं असतं. असेल. आमच्याकडे तोंडावर शिवी देतील, रश्श्याला तिखट कमी पडलं तर भर मांडवात यजमानाला उभं करून सांगतील. पण 'उद्यापासून येऊ नका' एवढं एक वाक्य समोरासमोर म्हणायची छाती कुणाची नाही. ज्याला म्हणायचं तो कुणाचा तरी मेव्हणा असतो, कुणाचा साडू असतो, नाहीतर पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर व्याही व्हायचा असतो. मग काढतात शाल, श्रीफळ आणि फेटा. आमच्या ग्रंथपालांना डोळ्यांनी दिसेनासं झालं, पुस्तकं भलत्याच कपाटात जायला लागली, तेव्हा त्यांचा 'ज्ञानतपस्वी' म्हणून सत्कार झाला. वसतिगृहाचे रेक्टर पोरांना पट्ट्यानं फोडून काढायचे, त्यांचा 'शिस्तीचा महामेरू' म्हणून झाला. शाल अंगावर पडली, फोटो निघाला, की दुसऱ्या दिवशी त्या जागेवर दुसरा माणूस बसलेला असतो आणि पहिला 'मार्गदर्शक' झालेला असतो.

मार्गदर्शकाला फुटबॉलच्या मॅचला मैदानाच्या कडेला मांडवाखाली खुर्ची मिळते. चहा मिळतो, मध्यंतरात भडंग मिळतं. त्यानं फक्त मार्गदर्शन करायचं नाही, एवढीच अट. असे सात-आठ सत्कारमूर्ती ओळीनं बसून घशात अडकलेलं मत चहाबरोबर गिळत असायचे. म्हातारी, भाकड गुरं मरेपर्यंत पोसतात तसला प्रकार, म्हणून त्या रांगेला मी 'पांजरपोळ' असं नाव पाडलं होतं. पोरांना ते एवढं आवडलं की मॅचच्या दिवशी तीच विचारायची, 'सर, पांजरपोळात आज किती आलेत?'

मी कृष्णात. कॉलेजच्या फुटबॉल टीमचा सहायक कोच, तोही हंगामी. दोन हजार तीन सालात मला त्या कामाला नऊ वर्षं झाली होती. सहायक म्हणजे काय, ते सांगतो. पहाटे मैदानावर जाऊन शेण उचलायचं, कारण रात्री तिथं म्हशी बसतात. बॉलमध्ये हवा मारायची, जाळी बांधायची, पोरांना पळवायचं, घोटे बांधायचे, कुणाची आई आजारी, कुणाचा पेपर बुडाला ते बघायचं. आणि वर्षाच्या शेवटी टीमचा फोटो काढतात तेव्हा कडेला उभं राहायचं. मधल्या खुर्चीत मुख्य कोच बसतो. फोटोखाली त्याचं नाव असतं आणि माझ्या नावाच्या ठिकाणी 'इतर' असतं.

मुख्य कोच होते हंबीरराव. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. बहात्तर साली या माणसानं आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून मैदानाच्या निम्म्यातून एक गोल मारला होता. मी तेव्हा पाळण्यात होतो, त्यामुळे खरं-खोटं मला माहीत नाही. पण तो गोल बघितला असं सांगणारी जेवढी माणसं मला भेटली, तेवढी आमच्या स्टेडियममध्ये मावत नाहीत. त्या एका गोलावर हा माणूस तीस वर्षं जेवला. आठ वाजता, म्हणजे सराव संपता संपता, मैदानावर यायचा. पांढरा शर्ट, काळा चष्मा, गळ्यात शिट्टी. टीममधला प्रसेनजीत किंवा दुसरा कोणी पोरगा पळत जाऊन खुर्ची आणायचा. आबा बसायचे. चष्म्यामागं डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे कुणाला कळायचं नाही, आणि घोरायला लागले की सगळ्यांना कळायचं. ती शिट्टी वाजलेली मी नऊ वर्षांत ऐकली नाही.

झोपला तर झोपू दे, माझं काही म्हणणं नव्हतं. घात व्हायचा तो टीम निवडताना, कारण तेव्हा तो जागा व्हायचा. पोरांचे पाय बघायचे नाहीत, पत्ता बघायचा. मंगळवार पेठेतले तीन घेतले तर शिवाजी पेठेतले तीन पाहिजेत, नाहीतर तिकडची माणसं रस्त्यात अडवतील. या तालमीचा गोलकीपर घेतला तर त्या तालमीचा सेंटर फॉरवर्ड. बुधवार पेठ रुसली तर तिला एक बदली खेळाडू. भाऊबंदकीत वाटणी करावी तशी अकरा जागांची वाटणी. उरलं-सुरलं ते वसतिगृहातल्या पोरांना. मी बंगळूरला कोचिंगचं शिबिर करून आलेला माणूस. माझ्यासमोर हे असं चालायचं आणि मी दात-ओठ खात जाळी बांधायचो.

प्रसेनजीत वसतिगृहातला. आजऱ्याचा. त्याला कोल्हापुरात ना पेठ ना तालीम, म्हणून त्याच्यासाठी भांडायला कोणी नाही. पण पायात बॉल असला की पोरगं असं वाकून निघायचं की समोरचा स्टॉपर रस्ता विचारत राहायचा. त्याला टीममध्ये घ्यावं म्हणून मी वर्षभर आबांच्या मागं लागलो. शेवटी घेतलं, तेही एका पेठेतल्या पोराचा पाय मोडला म्हणून.

आदल्या वर्षीची फायनल आबांच्या या असल्या वाटणीमुळेच गेली. एक-शून्यनं आम्ही पुढं होतो, गोल प्रसेनजीतचा. शेवटची दहा मिनिटं राहिली होती. तेवढ्यात मागच्या गॅलरीतून एका नगरसेवकाचा माणूस आबांच्या कानाशी लागला. नगरसेवकाचा पुतण्या आमच्या बाकावर नवीकोरी जर्सी घालून बसला होता, त्याची आजी मॅच बघायला आली होती. आबा उठले. प्रसेनजीतला बाहेर काढलं आणि पुतण्याला आत घातला. मी पाया पडायचा बाकी राहिलो. "आबा, पाच मिनिटं थांबा," म्हटलं. तर म्हणाले, "आरं, पोरगं खेळंल की. म्हातारी कवाधरनं बसलीया."

पोरगं खेळलं. स्वतःच्या पेनल्टी बॉक्समध्ये हातानं बॉल धरला, पेनल्टीवर बरोबरी झाली. मग दुसरा गोल कसा बसला ते मी बघितलंच नाही, मी खाली मान घालून बसलो होतो. गॅलरीतून आधी पाण्याच्या बाटल्या आल्या, मग चपला, मग शिव्या. शिव्या मात्र आबांना एकट्याला नव्हत्या. संस्थेचे अध्यक्ष अण्णासो मधल्या सोफ्यावर पाहुणे घेऊन बसले होते. त्यांच्या सात पिढ्या गॅलरीनं पाहुण्यांच्या देखत उद्धरल्या.

आबांची खुर्ची हलली ती त्यामुळे. फायनल हरल्याचं अण्णासोंना काही नव्हतं, फुटबॉलमध्ये एका बाजूला किती जण खेळतात हेही त्यांना विचारून घ्यावं लागायचं. पण पाहुण्यांसमोर शिव्या खाल्ल्या, ते लागलं. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर त्यांनी मला आणि प्राचार्य हत्तरकींना घरी बोलावलं. अण्णासो बिद्रीकडचे बागायतदार, शहरात बंगला बांधला तरी बसायचे मात्र पडवीतल्या पलंगावर, एक पाय वर घेऊन.

"कोच बदलाय पायजे," अण्णासो म्हणाले.

"बदलाय पायजे," प्राचार्य म्हणाले. हत्तरकीसाहेब गडहिंग्लजच्या पलीकडचे, स्वभावानं भिडस्त. अध्यक्षांच्या वाक्याचा शेवटचा शब्द परत म्हणणं, एवढीच त्यांची कारकीर्द.

"मग सांगा की हंबीररावाला."

आता प्राचार्यांना शेवटचा शब्द म्हणता येईना. ते छताकडं बघायला लागले. "मी कसं सांगू, साहेब? तुम्ही वर्गमित्र. तुम्हीच..."

"मी? त्याची धाकटी आमच्या चुलतभावाच्या घरात दिलीया. उद्या बारशाला कुठल्या तोंडानं जाऊ?"

चहा आला, चहा संपला. दोन कर्तबगार पुरुष पडवीत बसून एका झोपाळू म्हाताऱ्याला घाबरत होते. मला हसू आवरेना. आणि मग मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं, पण माझी जीभ कुणी विचारायची वाट बघत नाही.

"सत्कार करूया की," मी म्हटलं. "आबांच्या सेवेला पंचवीस वर्षं होत आली. दणक्यात करूया. मार्गदर्शक म्हणून जाहीर करायचं, संपला विषय."

अण्णासोंचा वर घेतलेला पाय खाली आला. "ह्येला म्हंत्यात डोकं!" त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "हत्तरकी, ह्ये तुमच्या टकुऱ्यात कसं न्हाय आलं?"

"न्हाय आलं," प्राचार्य म्हणाले.

निघताना मी चप्पल घालत घालत, जणू सहज आठवलं असं, विचारलं, "मग नवीन कोच कोण, अण्णासो?"

"बघू की. तू हाईसच."

तू हाईसच! मी सायकल न चालवता हातात धरून मंगळवार पेठेपर्यंत चालत आलो, एवढा आनंद झाला होता. घरी शालनला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"हाईसच म्हणजे?"

"म्हणजे मीच. दुसरा आहे कोण?"

"तुम्ही हायसाच हे नऊ वर्षं समद्यांस्नी ठावं हाय. गोलचा खांबपण तितंच हाय की. त्याला कुणी कोच केला?"

बायकांना फुटबॉलमधलं काय कळतं, असं मी म्हणालो आणि जेवायला बसलो. तिनं भाकरी वाढली, वर दुसरं काही वाढलं नाही.

सत्काराची सगळी तयारी मी अंगावर घेतली. दुसऱ्यावर माझा विश्वास नव्हता. महाद्वार रोडला जाऊन शाल स्वतः निवडली, जांभळी, जरीच्या काठाची. मानपत्र मी स्वतः लिहिलं. मराठीच्या प्राध्यापकांनी त्यात चार जड शब्द घातले, पण गाभा माझा. 'ज्यांनी आयुष्यभर मैदानाची सेवा केली, त्यांनी आता विश्रांतीचा अधिकार कमावला आहे. त्यांच्या थकलेल्या पावलांना कॉलेज वंदन करीत आहे.' थकलेली पावलं हे लिहिताना मला फार हसू आलं. फेटा बांधणाऱ्याला खासबागेजवळून आणायचं ठरवलं आणि त्याला बजावलं, "असा आवळ की आठवडाभर सुटला न्हाय पायजे." चौकात डिजिटल बोर्ड लावला. त्यावर आबांचा काळ्या चष्म्यातला फोटो, मागं वाघ.

आबांना निमंत्रण द्यायलाही मीच गेलो. म्हातारा दारातल्या कट्ट्यावर बसून दाढी करत होता. माझं सगळं ऐकून घेतलं. वस्तरा थांबला नाही.

"सत्कार. माझा," आबा म्हणाले. "बरं हाय की. कुणाच्या डोक्यातनं निघालं?"

इथं मला गप्प बसता आलं असतं. 'अध्यक्षांच्या' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नऊ वर्षं या माणसानं माझ्या कामाचं श्रेय खाल्लं होतं. निदान एक गोष्ट माझ्या नावावर लागावी, असं वाटलं.

"माझ्या," मी म्हटलं. छाती काढून म्हटलं.

आबांनी गाल पुसला आणि चष्म्याशिवाय माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच नीट बघत होतो. झोपेचा त्यात मागमूस नव्हता.

"बरं झालं सांगिटलंस," ते म्हणाले. "च्या घेऊन जा."

कार्यक्रम कॉलेजच्या हॉलमध्ये झाला. आबांच्या तालमीतून तीन जीपगाड्या भरून माणसं आली, बाहेर हलगी लागली. स्टेजवर अण्णासो, प्राचार्य, मधल्या उंच खुर्चीत आबा, आणि मागं पांजरपोळातली सगळी मंडळी जुन्या शाली पांघरून. आपल्यात आणखी एक येतोय म्हणून त्यांची तोंडं खुलली होती. सूत्रसंचालन मराठीच्या त्याच प्राध्यापकांकडं होतं. चार ओळी म्हटल्याशिवाय त्यांना माणूस बोलावता येत नाही, त्यामुळे नारळ फोडायलाच अर्धा तास गेला. मी ताट घेऊन विंगेत उभा होतो. ताटात शाल, श्रीफळ, फेट्याचं कापड, मानपत्र. समोर दोन रांगा भरून माझी पोरं बसली होती. मला डोळ्यांपुढं उद्याची सकाळ दिसत होती. टीम मी निवडणार. पत्ता न विचारता. प्रसेनजीत कॅप्टन. आणि वर्षाच्या शेवटी मधली खुर्ची.

"सत्कारमूर्तींना फेटा बांधण्यात येत आहे," पुकारा झाला.

मी ताट घेऊन पुढं गेलो. फेटेवाल्यानं कापड उचललं. आणि आबा उठून उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले. माईक हातात घेतला. एरवी दोन शब्दांवर तिसरा न बोलणारा माणूस, पण आवाज असा लागला की बाहेरची हलगी थांबली.

"अण्णासो, ह्यो मान माझा न्हाय. म्या काय केलं? खुर्चीत बसलो. झोपलो म्हणा हवं तर, लाजायचं काय त्यात? आता वय झालं. पण मैदानावर शेण कुणी उचाललं? पोरांच्या संगं पळालं कोण? घोटं कुणी बांधलं? गुडघा मोडून घेटला, पर एक सकाळ चुकली न्हाय त्या माणसाची. टीमच्या फोटुत त्येचं नाव सुदीक नसतंय. शिष्याच्या घामावर गुरूनं शाल पांघरायची, ह्ये मला जमणार न्हाय. आज सत्कार व्हायचा तर त्यो माझ्या कृष्णातचाच."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. नऊ वर्षं मी कट्ट्याकट्ट्यावर बसून हेच बोलत आलो होतो, जवळजवळ याच शब्दांत. हॉलमध्ये टाळ्या फुटल्या. तालमीतली आडदांड माणसं डोळे पुसायला लागली. पोरं बाकांवर उभी राहून ओरडत होती, 'कृष्णातसर! कृष्णातसर!' प्रसेनजीत सगळ्यात मोठ्यानं. पांजरपोळ उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी अण्णासोंकडं बघितलं. म्हटलं, हा माणूस तरी थांबवेल. त्यांच्या तोंडावर सुटका झाल्याचा असा आनंद पसरला होता की मला त्यातच सगळं कळून चुकलं. सत्कार होत होता. कुणी रुसत नव्हतं. कुणाचा ते गौण होतं.

"न्हाय, मी न्हाय," मी म्हटलं. पण माझ्या हातात ताट होतं. हातात ताट असलेल्या माणसाला कुणाला ढकलता येत नाही. दोघांनी खांदे धरले आणि मला उंच खुर्चीत बसवलं. आणि सगळ्या गावासमोर शाल नाकारायची कशी? नाकारली असती तर 'माजला' म्हणून मंगळवार पेठेत उद्या दूधवाल्यानंसुद्धा तोंड फिरवलं असतं.

फेटेवाला इमानदार माणूस. सांगितल्याप्रमाणे त्यानं फेटा असा आवळला की कानशिलं ठणकायला लागली. आबांनी स्वतःच्या हातानं मला शाल घातली. घालताना वाकले, तेव्हा त्यांच्या तोंडाला सुपारीचा वास येत होता.

"तूच बोलायचास त्येच बोललो की न्हाय?" ते कानात म्हणाले. "काय चुकलं का?"

मग प्राचार्यांनी मानपत्र वाचलं. जिथं 'हंबीरराव' होतं तिथं न अडखळता 'कृष्णात' म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या डोक्यानं काही बदललं. 'त्यांनी आता विश्रांतीचा अधिकार कमावला आहे. त्यांच्या थकलेल्या पावलांना कॉलेज वंदन करीत आहे.' मी तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांचा होतो. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, लोकांनी आनंदाश्रू म्हणून चालवून घेतलं असतं. आला तो संताप, आणि फेट्याखाली तो कुणाला दिसला नाही.

कार्यक्रम सुटल्यावर मी अण्णासोंना गाडीपाशी गाठलं.

"अण्णासो, कोचचं काय? तुम्ही म्हणालता, तू हाईसच."

"आरं मर्दा," अण्णासो म्हणाले, "सत्कार झाला की आता तुझा. आता तुला परत शेण उचलाय लावलं तर लोक काय म्हणतील? शाल घालून राबवून घेत्यात, म्हणतील. तू आता मार्गदर्शक."

"आणि आबा? आबांना बदलायचं होतं न्हवं?"

"आता त्येला कोण बदलणार? बघितलंस न्हवं, अख्खं गाव वा वा करतंय. मोठ्या मनाचा माणूस निघाला. आपुनच वळखला न्हाई." गाडी निघाली. काच खाली करून ते म्हणाले, "बाकी कार्यक्रम झ्याक केलास हं!"

घरी गेलो तर शालन दारातच उभी होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. ती हसेल असं वाटलं होतं. हसली असती तर मी भांडलो तरी असतो. तिनं फेटा सोडवायला घेतला, गाठ निघेना तेव्हा दातानं ओढली. मग शाल घडी घालताना काठ बोटांत धरून बघितला.

"शाल बरी हाय," ती म्हणाली.

"मीच निवडलीया," मी म्हटलं.

रात्रभर मी ठरवत होतो. सकाळी जायचं. रोजच्यासारखं जायचं. शाल गेली खड्ड्यात, पोरं माझी आहेत, पोरांना कळतं कोण कोच आहे ते. पहाटे सायकल काढली. मैदानावर पोचलो तर जाळी बांधलेली होती, कुणीतरी शेणही उचललेलं होतं. आणि मधोमध, काळा चष्मा न लावता, आबा उभे होते. एवढ्या सकाळी त्यांना उभं मी कधी बघितलं नव्हतं.

पोरं मला बघून पळत आली. मला वाटलं, आली! प्रसेनजीत सगळ्यांच्या पुढं. आला आणि वाकून माझ्या पाया पडला. त्याच्यामागं दुसरा. मग तिसरा. सगळी टीम ओळीनं पाया पडली, मोठ्या मनोभावानं, एकाच्याही तोंडावर लबाडी नव्हती. कोल्हापुरात कोचच्या रोज पाया पडत नाहीत. जाणाऱ्याच्या पडतात.

"सर, कशाला तसदी घेटली?" प्रसेनजीत म्हणाला. "आता तुम्ही आराम करायचा. आमी हाय की."

"आराम गेला चुलीत," मी ओरडलो. "मैदानाला पाच फेऱ्या. चला!"

नऊ वर्षं ही आरोळी ऐकली की पोरं उधळायची. त्या दिवशी एक पाय हलला नाही. सगळ्यांनी माना वळवून आबांकडं बघितलं. प्रसेनजीतनंसुद्धा. ज्याच्यासाठी मी वर्षभर हात जोडत हिंडलो, त्यानंसुद्धा.

आबांनी गळ्यातली शिट्टी तोंडात घातली. शिट्टी वाजली. चांगली खणखणीत वाजली.

"पळा रं," आबा म्हणाले. "सर म्हणत्यात न्हवं? सरांचा शब्द खाली पडाय नगो." पोरं पळाली. मग त्यांनी प्रसेनजीतला थांबवलं. "तू जाऊ नगंस. आदी सरांस्नी खुर्ची आण."

प्रसेनजीतनं खुर्ची आणली. आबांची तीच, हातांची, पाठीला टेका असलेली. स्वतःच्या जर्सीनं पुसली आणि मांडवाच्या जागी ठेवली. "बसा सर," म्हणाला. मी बसणार नव्हतो. पण गुडघा ठणकत होता, आणि उभं राहून करायचं तरी काय होतं? बसलो.

पहिली फेरी माझ्यासमोरून गेली. मागच्या घोळक्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "पांजरपोळ." दोघं-तिघं फिसकन हसली. प्रसेनजीत त्यांच्यावर धावून गेला, पण जाताना त्याचेही ओठ दाबलेले मी बघितले. नाव मीच पाडलं होतं. चांगलं पाडलं होतं, एवढी वर्षं टिकलं.

दुसऱ्या फेरीपर्यंत ऊन पाठीवर आलं. खुर्ची मऊ होती, टेका बरोबर कमरेला लागत होता. नऊ वर्षं हा माणूस उठत का नव्हता, ते मला बसल्यावर कळलं.